हातांची साक्ष कोण घेणार?

आमच्या गावाचं नावच दगडाचं. गारगोटी. लहानपणी आम्ही मुली पांढरे गोटे वेचून आणायचो आणि रात्री अंथरुणात, गोधडीखाली, एकमेकांवर घासायचो. आतल्या आत उजेड चमकायचा, जळक्यासारखा वास यायचा आणि आम्ही खूश व्हायचो. शाळेच्या भिंतीवर मात्र चित्र होतं : दाढीवाला आदिमानव दोन गारगोट्या घासतोय आणि समोर जाळ भडकलाय. आम्ही कितीदा तरी कापूस ठेवून घासलं. कापूस पेटला नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, गार आणि गार घासून कधी इस्तू पडतोय व्हय? लोखंड पायजे, चकमक पायजे."

आजी शाळेत गेली नव्हती. पण तिने जे सांगितलं ते बरोबर होतं आणि भिंतीवरचं चित्र चूक होतं. गारेवर गार घासली की नुसता थंड उजेड पडतो. ठिणगी पडायला पोलाद लागतं. पोलाद नव्हतं त्या काळात लोखंड आणि गंधक असलेला खास दगड लागायचा, नाहीतर लाकडावर लाकूड घुसळावं लागायचं. हे आम्हाला कळलं ते करून बघितलं म्हणून.

करून बघणं याचं आता एक शास्त्र झालं आहे. प्रायोगिक पुरातत्त्व असं त्याचं नाव. उत्खननात दगड सापडतो, खापर सापडतं, जळका दाणा सापडतो. पण माणसाची हालचाल सापडत नाही. दगड कसा धरला, किती वेळ घासला, पाठ कुठे दुखली, हे मातीत पुरलेलं नसतं. मग अभ्यासक तसाच दगड घडवतात, तसंच घर बांधतात, तशीच भट्टी लावतात आणि हाताने करून बघतात. नव्या दगडावर पडलेल्या खुणा जुन्या दगडावरच्या खुणांशी ताडून पाहतात. शास्त्र चांगलंच आहे. माझं भांडण शास्त्राशी नाही. माझं भांडण आहे ते कुणाचे हात त्यात धरले जातात आणि कुणाचे नाहीत, याच्याशी.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका शाळेत असा एक कार्यक्रम झाला. शहरातून पाहुणे आले होते. त्यांनी दगडावर दगड मारून धारदार छिलका काढला, त्याने कागद कापून दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आवडलं. मग ते म्हणाले, "पुरुष असा शिकारीला जाई आणि बायका मागे राहून मुलं सांभाळत." हे त्यांना त्या छिलक्यात कुठे दिसलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

कोपऱ्यात एक जातं मांडलं होतं. वाडीवरच्या एका आक्कांना दाखवायला म्हणून बोलावलं होतं. पाहुण्यांबरोबरचा एक विद्यार्थी जात्यावर बसला, घड्याळ लावून वीस मिनिटं नाचणी दळली, पीठ तोललं आणि वहीत गुणाकार करून "एका कुटुंबाला रोज इतके तास" असं लिहिलं. आक्का बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. म्हणाल्या, "लेकरा, मूठ मोठी घालायला लागलास. ह्ये पीठ न्हाई, भरडा हाय. आणि वीस मिन्टं कोण बी दळंल. पहाटे चारला उठून, पोर मांडीवर घिऊन, सासू जागी व्हायच्या आत दळ. मग वहीत लिव्ह."

सगळे हसले. आक्कांना चहा दिला, फोटो काढला. नंतर शाळेच्या फलकावर तो फोटो लागला. खाली पाहुण्यांचं नाव, पदवी, संस्था. आणि आक्कांच्या नावाच्या जागी दोन शब्द : स्थानिक महिला.

मैत्रिणींनो, त्या दिवशी तिथे एकच माणूस असं होतं की ज्याला तो प्रयोग कुठे चुकला ते कळलं होतं, आणि त्या माणसाला नाव नव्हतं.

आक्का काय सांगत होत्या ते नीट बघा. पहिली गोष्ट, कौशल्याची. नवशिक्या हाताने घेतलेलं माप हे कामाचं माप नसतं, नवशिकेपणाचं माप असतं. घास किती घालायचा, खुंटा कुठे धरायचा, टाकी कधी लावून घ्यायची, हे ज्या हाताला माहीत आहे त्या हाताचा वेग वेगळा, पीठ वेगळं, थकवा वेगळा. दुसरी गोष्ट, कामाच्या वेळेची. बाईचं काम एकटं कधीच नसतं. दळताना पोर असतं, चुलीवर आधण असतं, पाण्याची पाळी असते. यातलं एक काम उचलून घड्याळ लावलं तर जे मोजलं जातं ते कुठल्याच बाईने कधी केलेलं नसतं. या दोन्ही हरकती शास्त्रीय आहेत. एखाद्या परिषदेत कुणी प्राध्यापकाने मांडल्या असत्या तर टिपून घेतल्या असत्या. आक्कांनी मांडल्या म्हणून हसू आलं.

आता आपल्याच महाराष्ट्रातलं मोठं उत्खनन घ्या. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे चौदा-पंधरा वर्षं तिथे खणलं. ह. धी. सांकळिया, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर ही मोठी माणसं. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं आख्खं गाव त्यांनी उजेडात आणलं. घरं, चुली, धान्य साठवायची पेवं, कुंभाराची भट्टी, जव, गहू, कडधान्यं, दगडी पाटे आणि घासायचे दगड. घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं, दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवलेली. मराठी माणसाच्या भाकरीचा, चुलीचा, घराचा इतका जुना आणि इतका तपशीलवार पुरावा क्वचितच मिळतो. याबद्दल या सर्वांचं ऋण मानायलाच हवं.

पण आता त्या यादीकडे बाई म्हणून बघा. चूल, पाटा, पेव, सारवलेली जमीन, मडक्यातलं मूल. ही सगळी यादी बाईच्या हाताखालची आहे! तरी इनामगावची गोष्ट सांगताना आपल्याला आठवतो तो पाच खोल्यांच्या घरातला गावप्रमुख आणि चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष. मुलांच्या त्या जोडमडक्यांचा अर्थ गर्भाशय असा लावला जातो. असेलही. पण ते जाडंभरडं मडकं चाकावरचं नाही, हाताने थापलेलं आहे. ते कुणी थापलं? मूल गेल्यावर थापलं की आधीच थापून ठेवलेलं असायचं? किती मुलं जात असतील म्हणजे घरात असं मडकं तयार ठेवावं लागेल? हे प्रश्न मूल गमावलेली कोणतीही बाई पहिल्यांदा विचारेल. उत्तर मला माहीत नाही. पण तसं मडकं थापून, भाजून बघितलं, त्याला किती दिवस लागतात ते मोजलं, तर निदान एवढं कळेल की ते मूल गेल्यावर घाईने करता येण्यासारखं आहे की नाही. माती वाळायला लागणारा वेळ तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. प्रयोगाची ताकद अशी असते.

मडक्यांचंच घ्या. अहवालात, पुस्तकात, संग्रहालयात "कुंभार" हा शब्द पुल्लिंगीच येतो. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी कुंभारणीला चाकावर बसू देत नाहीत. पण माती कोण आणतं? कोण चाळतं, तुडवतं? थापीने ठोकून मडक्याला आकार कोण देतं, रंग कोण देतं, आवा कोण रचतं? चाक फिरवण्याचा वेळ या सगळ्या वेळाच्या मानाने किती, ते एकदा घड्याळ लावून मोजा. आणि मग ठरवा, भांडं "घडवलं" कुणी.

पेवांची कथा तर आणखी बोलकी आहे. इंग्लंडमध्ये बटसर नावाची एक जुन्या पद्धतीची प्रायोगिक शेती आहे. पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७२ साली ती सुरू केली. त्यांनी जमिनीत खड्डे खणून, धान्य भरून, वरून मातीने बंद करून बघितलं. कडेचे दाणे मोडावतात, आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि मधलं धान्य महिनोनमहिने टिकतं, असं त्यांना दिसलं. यामुळे तिकडच्या जुन्या खड्ड्यांचा अर्थच बदलला. आता सांगा, पेव म्हणजे दुसरं काय? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, वाफ जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक होतं. तिकडे त्याचा प्रयोग झाला, निबंध झाला, जगभर नाव झालं. इकडे ते "अडाणी लोकांचं परंपरागत ज्ञान" राहिलं. रेनॉल्ड्स यांचा दोष नाही. त्यांनी मेहनतीने काम केलं. दोष आपला, की आपण आपल्या घरातल्या ज्ञानाला ज्ञान म्हणायला लाजलो.

आता आपल्या विरोधकांकडे वळू. ते दोन प्रकारचे आहेत.

पहिले ते, जे म्हणतात, "निसर्गानेच ठरवलंय. पुरुष शिकारी, बाई चुलीशी. हजारो वर्षं असंच चालत आलंय." आपल्या बैठकांत, पंचायतीत, पोलीस चौकीत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. याला उत्तर द्यायला हातांनी केलेले प्रयोगच उपयोगी पडतात. २०२० साली पेरू देशातल्या एका उत्खननाचा अहवाल आला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं दफन. सोबत शिकारीच्या हत्यारांचा पूर्ण संच. आणि ती व्यक्ती निघाली सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी. मग २०२३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. जुन्या काळी भाला नुसत्या हाताने न फेकता मागे एक काठी लावून फेकत, म्हणजे हाताची लांबी वाढते. १०८ जणांकडून, त्यात बहुतेक नवखे, २१६० वेळा फेकून वेग मोजला. नुसत्या हाताने फेकताना पुरुषांचा भाला जोरात गेला. पण काठी लावल्यावर बायका आणि पुरुष यांच्या वेगातला फरक मिटला. म्हणजे माणसाने ते अवजार वापरायला घेतलं तेव्हा शिकार ही दंडाच्या जोराची गोष्ट उरली नव्हती.

मी प्रामाणिकपणे सांगते, यावरून सगळ्या बायका शिकार करत होत्या असं सिद्ध होत नाही. प्रयोग एवढंच सांगतो की हे शक्य होतं. तसंच घडलं, असं प्रयोग सांगू शकत नाही. त्याला हाडांचा, दफनाचा पुरावा जोडावा लागतो. पण "शक्यच नव्हतं" असं म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला एवढं पुरे आहे. आणि हीच मर्यादा त्यांनाही लागू आहे. छिलका दाखवून "पुरुष शिकारीला जाई" म्हणणाऱ्याने आधी पुरावा दाखवावा.

दुसरे विरोधक जास्त गोड बोलतात म्हणून जास्त धोक्याचे. ते म्हणतात, "पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, म्हणून त्यांचं शरीर कसं काटक होतं! बाळंतपणं सोपी होत. आता गिरणी आली, मिक्सर आला आणि सगळे आजार आले." लग्नसमारंभात, दिवाळी अंकात, आरोग्याच्या भाषणात हे हमखास येतं. बोलणारा बहुतेक वेळा असा असतो की ज्याने आयुष्यात एक पायली दळलेली नसते.

यांना हाडांची साक्ष ऐकवा. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचं फार जुनं शेतकरी गाव सापडलं. थेया मॉलेसन या अभ्यासिकेने तिथली हाडं तपासली आणि १९९४ साली मांडणी केली. तिथे जातं नव्हतं, पाट्यासारखा लांबट दगड असे. गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून, दोन्ही हातांनी वरचा दगड पुढे-मागे रेटायचा. रोज, तासन्‌तास. याच्या खुणा हाडांवर उमटल्या होत्या. पाठीचे मणके दबलेले, गुडघ्यांवर ताण, पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजून वाकडे झालेले. असं दुखणं मुख्यतः बायकांच्या हाडांत दिसलं.

त्याच वेळी दुसरीही गोष्ट खरी आहे. केंब्रिजच्या अभ्यासकांनी २०१७ साली मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायकांची हाडं आजच्या नावाजलेल्या महिला नौकापटूंशी ताडून पाहिली. दंडाची हाडं त्या काळच्या बायकांची ११ ते १६ टक्क्यांनी बळकट निघाली. शर्यतीसाठी रोज वल्हं मारणाऱ्या मुलींपेक्षाही बळकट! तेव्हा "बाईची जात नाजूक" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. आणि "कष्टाने बाई काटक होते" म्हणणाऱ्यांनी अबू हुरेराचा वाकडा अंगठा बघावा. तोच हात बळकट झाला आणि त्याच बाईची पाठ मोडली. दोन्ही एकाच कामाने. अर्धं सांगणारा माणूस आपला मित्र नाही.

म्हणून आपण जात्याचा अभ्यास मागतो तेव्हा जातं परत मागत नाही, हे ठणकावून सांगितलं पाहिजे. गिरणी गावात आली तेव्हा आमच्या आयांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या श्वासाची किंमत कमी करणारं कोणतंही संस्कृतिप्रेम आपल्याला नको.

आता काही मैत्रिणी म्हणतील, आणि बैठकीत म्हणाल्याही, "अगं, इथे दारू, मारहाण, ऊसतोडीची मजुरी असे प्रश्न पडलेत. दगडधोंडे कशाला उकरतेस?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तरी शेतात मालक काय म्हणतो? "बाईचं काम हलकं." भांगलण हलकी, रोपलावण हलकी, वेचणी हलकी. सरकारच्याच २०१९ च्या पाहणीत घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषाचा ९७ मिनिटं, असं निघालं. हे पाच तास "काम" म्हणून कुठेही धरले जात नाहीत. का? कारण बाई जे करते ते अक्कल न लागणारं, अंगवळणी पडलेलं, आपोआप होणारं, असं मनात पक्कं बसलंय. हे पक्कं बसवण्यात भिंतीवरच्या त्या आदिमानवाचा वाटा आहे. दगड फोडणं हे "तंत्रज्ञान" आणि दाणा दळणं हे "घरकाम", ही वाटणी जिथून सुरू होते तिथेच तिला अडवलं पाहिजे. मजुरीचं भांडण आणि हे भांडण वेगळं नाही.

आणि घाईही आहे. उखळात भात सडून कोंडा, कणी, तांदूळ वेगळा काढणाऱ्या, सुपाच्या एका झटक्यात खडा बाजूला करणाऱ्या, कणगीला शेणमातीचा लेप किती जाड द्यायचा ते बोटाने सांगणाऱ्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून जात्यावरचं गाणं वाचलं. त्या गाण्याखालच्या हाताची रीत कोण वाचवणार? भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या या आज्या गेल्या की मग कोणत्याही विद्यापीठाला कितीही पैसे खर्चून तो हात परत करता येणार नाही.

आमचं गाव या बाबतीत नशीबवान आहे. जे. पी. नाईक यांनी इथे मौनी विद्यापीठाचा पाया घातला, चित्रा नाईक यांनी इथे शिक्षणाचं काम केलं. हाताने करत शिकणं आणि शिक्षण गावाच्या जगण्याशी जोडणं, ही कल्पना गारगोटीला नवी नाही. तिला फक्त बाईच्या कामापर्यंत आणायचं आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, जिथे असा प्रयोग होईल तिथे ते काम जन्मभर केलेली बाई तज्ज्ञ म्हणून बोलवा. तिला पाहुण्यांइतकंच मानधन द्या आणि तिला चालत असेल तर तिचं नाव अहवालात, फलकावर, पूर्ण लिहा. दोन, प्रयोग आखताना तिला विचारा, नुसतं करून दाखवायला लावू नका. तीन, शाळेत जातं फिरवायला मुलगे बसवा आणि दगड फोडायला मुली. चार, कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आपण पोरांना नेतो, ब्रह्मपुरीला सापडलेल्या रोमन समुद्रदेवाच्या कांस्य मूर्तीची गोष्ट सांगतो. समुद्रापलीकडून आलेल्या त्या देवाबरोबरच त्याच ब्रह्मपुरीच्या घरांत रोज कोण रांधत होतं, दळत होतं, तेही विचारायला पोरांना शिकवा.

आणि पाचवी मागणी आपल्याकडेच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या एका म्हातारीजवळ बसावं. तिच्या हाताकडे बघावं, विचारावं, लिहून आणावं. काय केलं एवढंच नाही, कसं केलं, किती वेळ लागला, कुठे दुखलं. वीस जणींनी आणलं तर वीस हात होतील.

आक्कांना मी तो फलक दाखवायला नेलं होतं. त्यांना वाचता येत नाही. "काय लिवलंय खाली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अस्सं. मग त्या पावन्याच्या खाली बी 'स्थानिक पुरुष' लिवा की."